साध्या शब्दांचे बळ

[संकटात तग धरून राहणाऱ्या माणसाची कथा लेखक कोणत्या शब्दांत सांगतो आणि त्या शब्दांमधून वाचकाच्या मनात कोणता भाव जागा होतो, याचा विचार या पाठात केला आहे. त्यासाठी अर्नेस्ट हेमिंग्वे यांची एक जगप्रसिद्ध लघुकादंबरी उदाहरणादाखल घेतली आहे.]

मुलांनो, शिक्षकांच्या हातूनही चुका होतात. माझ्या हातून झालेली एक चूक आज तुम्हांला सांगणार आहे. त्या चुकीनेच मला या पाठाचा विषय शिकविला.

नोव्हेंबर २००९ मध्ये अरबी समुद्रात ‘फयान’ नावाचे चक्रीवादळ उठले. कोकणच्या किनाऱ्यावरून मासेमारीसाठी गेलेल्या कितीतरी होड्या त्यात सापडल्या. काही परत आल्या. काही आल्या नाहीत. मी तेव्हा किनाऱ्यावरील एका गावात मुख्याध्यापक होतो. तथापि सातवीच्या वर्गाला मराठी शिकविण्याचा नेम मी सोडला नव्हता. वादळानंतर काही दिवसांनी मी त्या वर्गाला ‘वादळाची रात्र’ हा विषय निबंधासाठी दिला.

बहुतेक वह्यांत मला अपेक्षित होते तेच सापडले. समुद्राला ‘अक्राळविक्राळ’ म्हटले होते. रात्रीला ‘काळरात्र’ म्हटले होते. ‘मृत्यूचे तांडव’ तर पानोपानी होते. एका मुलाची वही मात्र निराळी निघाली. त्याचे वडील आणि त्यांचे दोन सोबती त्या रात्री समुद्रावर होते. त्याने लिहिले होते, “होडीचे इंजिन बंद पडले. पाणी आत येऊ लागले. बाबा डब्याने पाणी उपसू लागले. डब्याचा तळ गेला. मग त्यांनी भाताचा टोप घेतला. तिघांनी रात्रभर पाळीपाळीने पाणी उपसले. पहाटे पाणी घोट्याएवढे उरले. जाळी गेली. बाबा आले.” निबंध असा दीड पानाचा होता. त्यात एकही अलंकार नव्हता.

मी त्याला वीसपैकी आठ गुण दिले. ‘टोप’ या शब्दाभोवती लाल शाईने गोल काढून वर ‘पातेले’ असे लिहिले आणि खाली शेरा दिला : ‘प्रसंग चांगला. भावनांचा अभाव.’ नंतर त्याला जवळ बोलावून मी विचारले, “अरे, तुझ्या बाबांना त्या वेळी काय वाटले असेल, हे तू लिहिले का नाहीस?”

तो म्हणाला, “सर, बाबा घाबरले होते का, ते त्यांनी सांगितले नाही. पाणी कुठपर्यंत आले होते, ते सांगितले.”

त्या दिवशी मला हे उत्तर अपुरे वाटले. पुढे उन्हाळ्याच्या सुटीत एक जुने, आवडते पुस्तक मी पुन्हा वाचावयास घेतले. ते वाचता वाचता माझ्या ध्यानात आले की, अपुरे त्याचे उत्तर नव्हते. माझे वाचन अपुरे होते.

ते पुस्तक म्हणजे अर्नेस्ट हेमिंग्वे यांची ‘द ओल्ड मॅन अँड द सी’ ही लघुकादंबरी होय. हेमिंग्वे (१८९९–१९६१) हे अमेरिकेतील थोर लेखक. क्यूबा या बेटावर हवाना शहराजवळ त्यांनी अनेक वर्षे वास्तव्य केले. मासेमारीचा त्यांना मोठा छंद होता आणि तेथील कोळ्यांचे जीवन त्यांनी जवळून पाहिले होते. ही कादंबरी १९५२ साली प्रसिद्ध झाली. १९५३ साली तिला पुलित्झर पारितोषिक मिळाले आणि १९५४ साली हेमिंग्वे यांना साहित्याचे नोबेल पारितोषिक देण्यात आले. १९६५ साली पु. ल. देशपांडे यांनी तिचा मराठी अनुवाद केला. त्याचे नाव ‘एका कोळियाने’.

हे नावच पाहा. शब्दांची निवड म्हणजे काय, याचा पहिला धडा त्यातच आहे. मराठीत ‘कोळी’ या शब्दाचे दोन अर्थ होतात. मासे पकडणारा तो कोळी आणि भिंतीच्या कोपऱ्यात जाळे विणणारा तोही कोळी. हे नाव वाचताच मराठी वाचकाला पडून पुन्हा पुन्हा वर चढणाऱ्या कोळ्याची जुनी बालकविता आठवते. पुस्तक उघडण्यापूर्वीच त्याच्या मनात चिकाटीचा भाव जागा होतो. त्यासाठी ‘चिकाटी’ हा शब्द मात्र कोठेही वापरावा लागत नाही.

आता कथा थोडक्यात सांगतो. सांतियागो हा क्यूबातील एक म्हातारा कोळी. सलग ८४ दिवस त्याला एकही मासा मिळालेला नाही. मानोलिन नावाचा एक मुलगा पूर्वी त्याच्याबरोबर होडीवर असे. परंतु म्हाताऱ्याचे नशीब फुटके आहे असे मानून आईवडिलांनी त्याला दुसऱ्या होडीवर धाडले आहे. ८५ व्या दिवशी म्हातारा एकटाच दूरवर जातो. त्याच्या गळाला एक प्रचंड मार्लिन मासा लागतो. मासा एवढा मोठा की तोच होडीला ओढून नेऊ लागतो. दोन रात्री आणि तिसऱ्या दिवसाचा काही भाग म्हातारा दोर खांद्यावर घेऊन त्याच्याशी झुंजतो. शेवटी तो माशाला मारतो आणि होडीच्या बाजूला बांधून घराकडे निघतो. परंतु रक्ताच्या वासाने शार्क मासे येतात. म्हातारा त्यांच्याशी लढतो; तरीही तो किनाऱ्याला लागतो तेव्हा माशाचा केवळ सांगाडा उरलेला असतो. दुसऱ्या दिवशी कोळी तो सांगाडा मोजतात. तो १८ फूट भरतो.

एवढीच ही कथा. म्हातारा जिंकला की हरला, हा प्रश्न तुमच्या मनात आला असेल. त्याचे उत्तर कथेत काय घडते यापेक्षा ती कोणत्या शब्दांत सांगितली आहे, यात दडलेले आहे. म्हणून आपण शब्दांकडे वळू.

या कादंबरीतील शब्द साधे आहेत. विशेषणे थोडी आणि क्रियापदे पुष्कळ आहेत. म्हातारा दोर धरतो, सैल सोडतो, पाठीवर घेतो, कापतो, बांधतो. हात धुतो, पाणी पितो, मासा चिरतो, चावून खातो. लेखक त्याला ‘शूर’ किंवा ‘धीरोदात्त’ अशी विशेषणे चिकटवीत बसत नाही. विशेषण वाचकाला मत सांगते. क्रियापद त्याला कृती दाखविते. ‘तो फार चिवट होता’ असे म्हटले की वाचक ऐकतो आणि पुढे जातो. ‘डब्याचा तळ गेला; मग त्याने टोप घेतला’ असे म्हटले की चिवटपणा वाचकाला स्वतःच ओळखावा लागतो. जे आपण स्वतः ओळखतो ते मनात अधिक ठसते.

दुसरी गोष्ट म्हणजे नेमकेपणा. म्हाताऱ्याने समुद्रात चार गळ सोडले आहेत. ते किती खोल आहेत, हे लेखक आकड्यांत सांगतो : ४०, ७५, १०० आणि १२५ वाव. (दोन्ही हात पसरले असता जेवढे अंतर होते, तेवढा एक वाव, सुमारे सहा फूट.) हे आकडे कशासाठी? म्हातारा इतरांपेक्षा आपले दोर अधिक सरळ ठेवतो. नशीब उघडण्याची वाट पाहत तो बसत नाही. ते उघडेल तेव्हा आपण सिद्ध असावे, एवढे तो पाहतो आणि त्यासाठी काटेकोर राहतो. ८४ दिवस हाती काही लागले नाही, तरी ८५ व्या दिवशी दोर सरळ ठेवणे यालाच चिकाटी म्हणतात. हे आकडे नसते, तर ती आपल्याला दिसली नसती. आपल्याजवळ काय नाही याचा विचार म्हाताऱ्याच्या मनात येतो. परंतु जे आहे त्यात काय करता येईल, याकडे तो लगेच वळतो. डावा हात पेटका येऊन आखडतो, तेव्हा तो त्या हातावर रागावतो, त्याची समजूतही काढतो आणि त्याला बळ यावे म्हणून कच्चा ट्यूना मासा मिठावाचून खातो.

तिसरी गोष्ट म्हणजे वस्तूंची नावे. शार्क येतात तेव्हा म्हाताऱ्याजवळ प्रथम भाला असतो. पहिल्या शार्कबरोबर तो भाला जातो. मग तो वल्ह्याच्या टोकाला सुरी बांधतो. सुरी मोडते. मग तो सोटा घेतो. सोटाही हातातून हिसकला जातो. मग तो सुकाणूचा दांडा उपसून काढतो. तोही मोडतो, तेव्हा मोडक्या दांड्याने वार करतो. भाला, सुरी, सोटा, दांडा अशी ही एक उतरती पायरी आहे. प्रत्येक वस्तू आधीच्या वस्तूहून कमी प्रतीची आहे. साधने उतरत जातात. माणूस मात्र उतरत नाही. लेखकाने हे विधान कोठेही केलेले नाही. त्याने वस्तूंची नावे एकापुढे एक ठेवली आणि अर्थ त्यांतून आपोआप उमटला. मुलांनो, येथपर्यंत वाचून आलो आणि मला एकाएकी तो डबा आणि तो टोप आठवला. मी पुस्तक मिटून ठेवले.

चौथी गोष्ट म्हणजे संबोधने. म्हातारा समुद्राला काय म्हणतो, हे पाहण्याजोगे आहे. स्पॅनिश भाषेत समुद्र हा शब्द पुल्लिंगीही वापरतात आणि स्त्रीलिंगीही. कथेतील काही तरुण कोळी त्याला पुल्लिंगी मानतात. त्यांच्या दृष्टीने तो प्रतिस्पर्धी किंवा शत्रूही आहे. म्हातारा त्याला नेहमी स्त्रीलिंगी मानतो. ती कधी पुष्कळ देते, कधी हात आखडता घेते. रागावली तर तिचाही इलाज नसतो, अशी त्याची भावना आहे. एका शब्दाचे लिंग बदलले आणि वैराच्या जागी नाते आले! गळाला लागलेल्या माशालाही तो भाऊ मानतो. त्याला मारावयाचे आहे, कारण मासेमारी हेच त्याचे जीवन आहे. पण त्याचा द्वेष तो करीत नाही. द्वेषाने माणूस लवकर थकतो. ज्याला दीर्घ काळ तगावयाचे आहे, त्याला द्वेषाचे ओझे परवडत नाही.

आता सर्वांत महत्त्वाचे दोन शब्द. शार्कचा पहिला हल्ला झाल्यावर म्हाताऱ्याच्या मनात एक विचार येतो. ‘नाश होणे’ आणि ‘पराभूत होणे’ या दोन गोष्टी तो निराळ्या मानतो. आपण एरवी हे शब्द शेजारी शेजारी, जवळजवळ एकाच अर्थाने वापरतो. नाश बाहेरून येतो. वादळ होडी फोडू शकते, शार्क मासा खाऊ शकतो, वय माणसाचे बळ हिरावू शकते. पराभव मात्र आतून, माणसाच्या संमतीने येतो. ती संमती म्हातारा देत नाही. म्हातारा जिंकला की हरला, या आपल्या प्रश्नाचे उत्तर येथे आहे. त्याच्या माशाचा नाश झाला, त्याचा पराभव झाला नाही. सारी कादंबरी या दोन शब्दांमधील अंतरावर उभी आहे. पर्यायी शब्द म्हणून आपण जे शब्द पाठ करतो, ते खरोखर एकाच अर्थाचे असतात का, हे प्रत्येक वेळी तपासून पाहावे ते यासाठी.

आपल्या मराठीतही असे जवळचे शब्द आहेत. हट्ट, जिद्द, चिकाटी आणि तग हे चार शब्द घ्या. मूल खेळण्यासाठी ‘हट्ट’ धरते. त्यात विचार कमी आणि आग्रह अधिक असतो. मल्ल फड जिंकण्याची ‘जिद्द’ बाळगतो. त्याची दृष्टी विजयाकडे असते. विद्यार्थी ‘चिकाटी’ने अभ्यास करतो, या शब्दात कामाला चिकटून राहणे आहे. आणि दुष्काळात माणसे ‘तग’ धरतात. तेथे जिंकण्याची भाषा नाही. आजचा दिवस निभावून उद्याचा सूर्य पाहणे, एवढेच तेथे अभिप्रेत आहे. यांतील एका शब्दाच्या जागी दुसरा घातला, तर माणूसच बदलतो. त्या मुलाचे वडील समुद्रावर जिद्दीने गेले असतील. त्या रात्री मात्र त्यांनी तग धरला.

शब्दांनंतर आता भावाकडे वळू. गाण्याचे शब्द तेच असले, तरी सूर बदलताच गाणे कधी आनंदाचे तर कधी दुःखाचे वाटते. लेखनालाही असा सूर असतो. त्याला ‘भाववृत्ती’ असे म्हणतात. लेखक आपल्या विषयाकडे कोणत्या मनाने पाहतो आणि वाचकाला कोणत्या मनःस्थितीत नेतो, ते भाववृत्तीवरून कळते.

या कादंबरीची भाववृत्ती शांत आहे. प्रसंग भयंकर आहेत. पण ते सांगणारा आवाज चढत नाही. वाक्ये बहुधा सरळ आणि आटोपशीर आहेत. एकामागून एक येणाऱ्या लाटांप्रमाणे ती येतात. काही गोष्टी पुन्हा पुन्हा येतात. तो मुलगा आज बरोबर असता तर, असे म्हाताऱ्याला भर समुद्रात अनेकदा वाटते आणि तो ते मोठ्याने बोलूनही दाखवितो. ‘तो एकाकी होता’ असे एकदा सांगितले असते, तर आपण ते विसरलो असतो. मुलाची ती आठवण वारंवार येते, म्हणून त्याचे एकटेपण आपल्यालाही जाणवू लागते.

या शांतपणात ममता मिसळलेली आहे. आरंभीचा एक प्रसंग पाहा. मुलगा म्हाताऱ्याला विचारतो, जेवावयास काय आहे? म्हातारा सांगतो, भात आहे आणि मासा आहे. मुलगा विचारतो, फेकजाळे नेऊ का? म्हातारा होकार देतो. वस्तुतः घरात भातही नाही आणि जाळेही नाही. ते विकून टाकले आहे. हे दोघांनाही ठाऊक आहे. तरीही हा संवाद दररोज होतो. म्हाताऱ्याच्या दारिद्र्यावर लेखक अश्रू ढाळीत नाही. नसलेल्या भाताविषयीचे हे बोलणे तो केवळ आपल्यापुढे ठेवतो. म्हाताऱ्याचा स्वाभिमान आणि मुलाची माया या दोन्ही गोष्टी त्यातून कळतात.

येथे एक गैरसमज होऊ देऊ नका. शांत भाववृत्ती म्हणजे दुःख नाकारणे नव्हे. म्हातारा थकतो. त्याला भोवळ येते. आपण फार दूर आलो, याचा त्याला पश्चात्ताप होतो आणि माशाची तो मनोमन क्षमा मागतो. किनाऱ्यावर आल्यावर डोलकाठी खांद्यावर घेऊन तो चढण चढतो, पडतो आणि झोपडीपर्यंत पोहोचण्यापूर्वी त्याला पाच वेळा बसावे लागते. ‘पाच वेळा’ हा आकडाच त्याचा थकवा सांगतो. सकाळी मुलगा येतो, म्हाताऱ्याचे फाटलेले हात पाहतो आणि रडू लागतो. सबंध कथेत जे दुःख दाबून धरले होते, ते अखेर त्या मुलाच्या डोळ्यांतून वाहते. म्हातारा स्वतः रडला असता, तर कदाचित आपण इतके हेलावलो नसतो.

आणि शेवटी आशा. तरुणपणी आफ्रिकेच्या किनाऱ्यावर म्हाताऱ्याने संध्याकाळी वाळूत आलेले सिंह पाहिले होते. ते सिंह त्याला स्वप्नात दिसतात. समुद्रावर जाण्यापूर्वीच्या रात्री ते दिसतात, झुंजीच्या मध्ये डोळा लागतो तेव्हा दिसतात आणि कादंबरी संपते तेव्हाही म्हातारा त्यांचेच स्वप्न पाहत झोपलेला असतो. शेजारी मुलगा बसलेला असतो. आता आपण पुन्हा तुझ्याबरोबर समुद्रावर येणार, असे त्याने म्हाताऱ्याला सांगितलेले असते. ‘आशा’ हा शब्द येथेही लेखक वापरीत नाही. सिंह आणि मुलगा यांना जवळ ठेवून तो थांबतो.

मग भारदस्त शब्द आणि अलंकार वाईट का? मुळीच नाही. शाहीर डफावर थाप मारून पोवाडा गातो, तेव्हा त्याला मैदानात जमलेल्या हजारोंच्या अंगात वीरश्री संचारावयाची असते. तेथे शब्द गर्जलेच पाहिजेत. पण रात्रभर पाणी उपसणाऱ्या माणसापुढे श्रोते नसतात. त्याला आपली शक्ती जपून वापरावी लागते. ओरडण्यात ती घालविली, तर पहाटेपर्यंत हात चालणार नाहीत. त्याची कथा सांगणारा लेखकही तसेच करतो. जो माणूस शक्ती वाया घालवीत नाही, त्याच्याविषयी लिहिताना लेखक शब्द वाया घालवीत नाही. हेमिंग्वे यांच्या साधेपणामागील रहस्य मला हे वाटते. प्रसंग कोणता, माणूस कोणता, हे पाहून शब्द निवडावेत. शब्द मोठा आहे म्हणून निवडू नये.

जूनमध्ये शाळा उघडली. तो मुलगा आता आठवीत गेला होता. मी त्याला बोलावून गेल्या वर्षीची वही आणावयास सांगितली. दुसऱ्या दिवशी त्याने ती आणली. मी तो निबंध पुन्हा वाचला. तोच डबा, तोच टोप, तेच घोट्याएवढे पाणी. शेवटची दोन वाक्ये वाचताना मी थांबलो : ‘जाळी गेली. बाबा आले.’ दोन दोन शब्दांची ही दोन वाक्ये. पहिल्यात त्या घराचे सारे नुकसान होते. दुसऱ्यात त्या घराचे सारे सुख होते. ‘भावनांचा अभाव’ असा शेरा मी त्याच वाक्यांखाली दिला होता!

तो शेरा मी खोडला. आठाच्या जागी अठरा केले. नवा शेरा काय द्यावा, ते लवकर सुचेना. अखेर एवढेच लिहिले : ‘वाचला. पाणी उपसल्याचा आवाज ऐकू आला.’

त्याने वही हातात घेतली, शेरा वाचला आणि थोडा घुटमळला. मग ‘टोप’ या शब्दाभोवतीच्या लाल गोलावर बोट ठेवून त्याने विचारले, “सर, हे पातेले करू का?”

मी म्हणालो, “नको. टोपच राहू दे. तुझ्या बाबांच्या हातात टोपच होता.”

शब्दार्थ

तग धरणे – संकटात टिकून राहणे.
सिद्ध असणे – तयार असणे.
वाव – खोली किंवा लांबी मोजण्याचे एक माप. सुमारे सहा फूट.
पेटका येणे – स्नायू एकाएकी आखडणे.
सोटा – जाड, आखूड काठी.
फेकजाळे – हाताने फेकून पसरावयाचे मासेमारीचे जाळे.
डोलकाठी – होडीवर शीड बांधण्यासाठी उभारलेला खांब.
अभिप्रेत – मनात असलेले, सुचविलेले.
वीरश्री – लढण्याचा उत्साह.
भाववृत्ती – लेखनातून जाणवणारी मनाची अवस्था, लेखनाचा सूर.

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) सांतियागोला किती दिवस मासा मिळाला नव्हता?
(आ) ‘एका कोळियाने’ हा अनुवाद कोणी व कोणत्या साली केला?
(इ) लेखकाने विद्यार्थ्याच्या वहीत प्रथम कोणता शेरा दिला होता?

प्र. २. कारणे लिहा.
(अ) ‘कोळी’ हा शब्द अनुवादाच्या नावात विशेष अर्थपूर्ण वाटतो.
(आ) गळ किती खोल आहेत, हे लेखकाने आकड्यांत सांगितले आहे.
(इ) पोवाड्यातील शब्द आणि या कादंबरीतील शब्द निराळ्या प्रकारचे असतात.

प्र. ३. चार-पाच वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) भाला, सुरी, सोटा, दांडा या क्रमातून काय सुचविले आहे?
(आ) ‘नाश’ आणि ‘पराभव’ यांतील भेद तुमच्या शब्दांत सांगा.
(इ) म्हातारा रडत नाही, मुलगा रडतो. याचा वाचकावर काय परिणाम होतो?

प्र. ४. पुढील शब्दांच्या जोड्यांतील अर्थभेद स्पष्ट होईल असे प्रत्येक शब्दाचे वाक्य करा.
हट्ट – जिद्द. चिकाटी – तग. एकटा – एकाकी. भीती – काळजी.

प्र. ५. विद्यार्थ्याच्या निबंधातील, पाठात दिलेल्या उताऱ्यात किती क्रियापदे आणि किती विशेषणे आहेत, ते मोजा. त्यावरून तुम्हांला काय वाटते, ते लिहा.

प्र. ६. तुमच्या घरातील अथवा गावातील एखाद्या वडीलधाऱ्या व्यक्तीला तिने निभावून नेलेल्या कठीण दिवसाविषयी विचारा. तिने वापरलेले शब्द शक्य तितके तसेच ठेवून पंधरा वाक्ये लिहा. ‘धैर्य’, ‘शौर्य’ आणि ‘चिकाटी’ हे शब्द मात्र वापरू नका.